मोठ्या संख्येचे मूळ अवयव पाडताना: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

विभाजक किती, विभाजकांची बेरीज किती, ही संख्या मूळ आहे का, पूर्ण वर्ग होण्यासाठी कितीने गुणावे, दोन संख्यांचा मसावि काय: हे सगळे प्रश्न वेगवेगळे दिसले तरी बहुतेकांचे उत्तर एकाच कामातून निघते. ते काम म्हणजे संख्येचे मूळ अवयव पूर्ण पाडणे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातली मराठी माध्यमाची मुले एसएसएलसीला (कर्नाटकातली दहावी) ‘वास्तव संख्या’ शिकतात. पुढे बँक, रेल्वे, केपीएससी किंवा एमपीएससीची तयारी करताना तेच प्रश्न सहा-सात अंकी आकडे घेऊन परत येतात. सूत्रे बहुतेकांना पाठ असतात. घोटाळा सूत्राच्या आधीच झालेला असतो: अवयव अर्धवट पाडलेले असतात, किंवा उरलेली संख्या तपासल्याशिवायच ‘मूळ’ म्हणून सोडून दिलेली असते. पाया चुकला की पुढचे सूत्र बरोबर वापरूनही उत्तर चुकते.

या लेखात तीन संख्या शेवटपर्यंत सोडवल्या आहेत. पहिली बेळगावचा पिनकोड ५९०००१, दुसरी १२,३४,५६,७८९ आणि तिसरी ३६,२८,८००. तिन्ही वेगवेगळ्या ठिकाणी अडवतात, म्हणून घेतल्या आहेत. वही उघडून सोबत करत चला, नुसते वाचून हात बसत नाही.

## तयारी: दोन तक्ते आणि एक सवय

मूळ संख्यांचा तक्ता, ५०० पर्यंत. चौकटीच्या वहीत एका ओळीत सहा असे १ ते ५०० आकडे लिहा. सहाच्या रांगांचा फायदा असा की २ आणि ३ सोडून सगळ्या मूळ संख्या फक्त पहिल्या आणि पाचव्या उभ्या रांगेत येतात. बाकीच्या चार रांगा एका फटक्यात खोडता येतात. मग १ खोडा आणि ५, ७, ११, १३, १७, १९ यांच्या पटी खोडा. १९ च्या पुढे जायची गरज नाही, कारण २३ चा वर्ग ५२९, म्हणजे ५०० च्या बाहेर.

तपासा: १०० पर्यंत २५ मूळ संख्या उरल्या पाहिजेत, २०० पर्यंत ४६, ३०० पर्यंत ६२, ४०० पर्यंत ७८ आणि ५०० पर्यंत ९५. आकडा जुळला नाही तर तो तक्ता वापरू नका, चूक आधी शोधा. बहुतेक वेळा ९१ (७×१३), ११९ (७×१७), १३३ (७×१९), २१७ (७×३१), २२१ (१३×१७), २४७ (१३×१९), २९९ (१३×२३), ३२३ (१७×१९), ३९१ (१७×२३), ४३७ (१९×२३) यांपैकी कोणीतरी मूळ म्हणून शिल्लक राहिलेली असते. या दहा संख्या पाठच करून टाका.

एवढ्या तक्त्यावर २,५३,००९ च्या आतली कोणतीही संख्या निकालात काढता येते, कारण ५०० नंतरची पहिली मूळ संख्या ५०३ आणि तिचा वर्ग २,५३,००९.

वर्गांचा तक्ता, १ ते १००. पाठ असेल तर उत्तम. नसेल तर निदान वर्गाचे शेवटचे दोन अंक कसे येतात ते लक्षात ठेवा. वर्ग १, ४ किंवा ९ ने संपत असेल तर दशकाचा अंक सम असतो. ६ ने संपत असेल तर दशकाचा अंक विषम असतो. ५ ने संपत असेल तर शेवटी २५ च असतात आणि ० ने संपत असेल तर ००. शेवटी २, ३, ७, ८ कधीच येत नाहीत. ही एक ओळ पुढे पाचव्या टप्प्यात बराच वेळ वाचवते.

सवय: संख्या वहीत उतरवल्यावर तिचे अंक मोजा आणि अंकांची बेरीज बाजूला लिहून ठेवा. परीक्षेत आकडा उतरवतानाच चूक होते आणि ती पुढे कोणत्याच पायरीत सापडत नाही.

सीमाभागातल्या मुलांसाठी एक गोष्ट आधीच सांगायला हवी. मराठी वहीतला मसावि हाच कन्नड वहीतला मसाअ आणि पीयूसीच्या (अकरावी-बारावी) पुस्तकातला एचसीएफ, तर लसावि म्हणजे लसाअ आणि एलसीएम. माध्यम बदलले की यांतली अदलाबदल हमखास होते. मसावि दिलेल्या संख्यांपेक्षा मोठा येत नाही आणि लसावि लहान येत नाही, एवढे बघितले तरी ती पकडता येते.

## टप्पा १: हद्द ठरवा

भागून बघायला सुरुवात करण्याआधी कुठे थांबायचे ते ठरवा. संख्या संयुक्त असेल तर तिचा एक तरी मूळ अवयव तिच्या वर्गमुळाएवढा किंवा त्याहून लहान असतो. म्हणून वर्गमुळापर्यंतच्या मूळ संख्या तपासल्या की पुरे. वर्गमूळ दशांशापर्यंत काढायचे नाही, पूर्णांकापुरता अंदाज हवा.

उदाहरण १,९६,६६७ चे. ४४० चा वर्ग १,९३,६००. फरक ३,०६७. त्याला ४४० च्या दुपटीने, म्हणजे ८८० ने भागा: साधारण साडेतीन. म्हणून वर्गमूळ ४४३ च्या आसपास. खात्री करा: ४४३² = १,९६,२४९ आणि ४४४² = १,९७,१३६. हद्द ४४३.

सावध: ‘शंभरपर्यंत तपासले, पुरे’ हा नियम नाही. तो फक्त १०,२०१ च्या आतल्या संख्यांना चालतो, कारण १०० नंतरची मूळ संख्या १०१ आणि तिचा वर्ग १०,२०१.

## टप्पा २: स्वस्तातल्या कसोट्या आधी

क्रम असा ठेवा: आधी २ आणि ५, मग ३ आणि ९, मग ७, ११, १३ एकत्र.

शेवटी शून्ये असतील तर ती आधी काढा, पण त्यांचा हिशेब पूर्ण लिहा. एक शून्य म्हणजे २×५. दोन शून्ये म्हणजे २²×५². ३६,२८,८०० मध्ये मुले शून्ये काढतात, ५² लिहितात आणि २² विसरतात. बरोबर रीत अशी: ३६,२८,८०० = ३६,२८८ × १००. ३६,२८८ ला सहा वेळा २ ने भागल्यावर ५६७ उरतात. ५६७ = ३⁴×७. आता शंभरातले २² आणि ५² मिळवा: ३६,२८,८०० = २⁸ × ३⁴ × ५² × ७.

३ आणि ९ साठी अंकांची बेरीज. १२,३४,५६,७८९ च्या अंकांची बेरीज ४५, म्हणून ९ ने भाग जातो. पण ९ ने भागून झाले की तिथेच थांबू नका, भागाकाराची बेरीज पुन्हा करा. ९ ने भागल्यावर १,३७,१७,४२१ येतात, त्यांच्या अंकांची बेरीज २६, आता ३ ने भाग जात नाही. म्हणजे ३² नक्की, ३³ नाही. ‘बेरजेला २७ ने भाग गेला तर संख्येला २७ ने भाग जातो’ असे काही मुले धरून चालतात. ते चूक आहे. ९ च्या पुढे बेरजेची कसोटी चालत नाही.

७, ११, १३ साठी सर्वांत सोयीची रीत तीन-तीन अंकांच्या गटांची. ७×११×१३ = १००१, म्हणून उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडायचे आणि आळीपाळीने अधिक-वजा करायचे. जी बाकी उरेल तिला ७, ११, १३ ने भागून बघायचे.

इथेच सर्वांत जास्त चुका होतात. आपण स्वल्पविराम लाख-कोटीच्या पद्धतीने देतो: १२,३४,५६,७८९. मुले तेच गट उचलतात आणि ७८९ − ५६ + ३४ − १२ करतात. उत्तर निरर्थक येते. या कसोटीसाठी स्वल्पविराम पुसा आणि नव्याने गट पाडा:

१२३ | ४५६ | ७८९ → ७८९ − ४५६ + १२३ = ४५६

४५६ ला ७ ने भागल्यावर बाकी १, ११ ने भागल्यावर ५, १३ ने भागल्यावर १. तिघांनीही भाग जात नाही. एका वजाबाकीत तीन मूळ संख्या निकालात निघाल्या.

तपासा: ११ ची जुनी कसोटी, म्हणजे अंकांची आळीपाळीने बेरीज-वजाबाकी, उजवीकडून करून बघा: ९−८+७−६+५−४+३−२+१ = ५. वरच्या ११ च्या बाकीशी जुळली पाहिजे. जुळली. नसती जुळली तर गट चुकीचे पाडले असे समजा.

## टप्पा ३: १७ पासून पुढे, शेपटाकडून

पुढच्या मूळ संख्यांसाठी पाठ करण्याच्या वेगवेगळ्या कसोट्या असतात. त्या पाठ करू नका, गोंधळ वाढतो. २ आणि ५ सोडून सगळ्यांना लागू पडणारी एकच रीत पुरते: संख्येचा शेवटचा अंक शून्य होईल अशी त्या मूळ संख्येची पट वजा करा (किंवा मिळवा), आलेले शून्य टाका, परत तेच करा.

पिनकोड ५९०००१ घ्या. अंकांची बेरीज १५, ३ ने भाग जातो: १,९६,६६७. याच्या अंकांची बेरीज ३५, पुन्हा ३ ने जात नाही. हद्द ४४३, ती वर काढलीच आहे. तीन अंकांच्या गटांनी ७, ११, १३ बाद होतात: ६६७ − १९६ = ४७१, बाकी अनुक्रमे २, ९, ३. आता १७ ने बघू:

१,९६,६६७ − १७ = १,९६,६५० → १९,६६५
१९,६६५ − ८५ = १९,५८० → १,९५८
१,९५८ − ६८ = १,८९० → १८९
१८९ − ११९ = ७० → ७

७ ला १७ ने भाग जात नाही, म्हणून १,९६,६६७ लाही जात नाही.

सावध: शेवटी आलेला हा ७ म्हणजे बाकी नव्हे. खरी बाकी ११ आहे. शून्ये टाकत गेल्यामुळे बाकी बदलते, मात्र ‘भाग जातो की नाही’ हे बदलत नाही. प्रश्नात बाकी विचारली असेल तर नेहमीचा भागाकारच करा.

असेच १९, २३, २९, ३१... करत जा. प्रत्येक मूळ संख्येवर तक्त्यात बारीक खूण करत चला, म्हणजे एखादी सुटणार नाही. १०० ओलांडले तरी काही सापडत नाही, १५० ओलांडले तरी नाही. इथे बहुतेक जण कंटाळतात आणि ‘१,९६,६६७ मूळ आहे’ असे लिहून मोकळे होतात. हद्द ४४३ आहे हे वहीत लिहिलेले असेल तर तसे होणार नाही. चालत राहा. १९३ ला:

१,९६,६६७ − १,७३७ = १,९४,९३० → १९,४९३
१९,४९३ − १९३ = १९,३०० → १९३

भाग गेला. १,९६,६६७ = १९३ × १,०१९. १९३ ही तक्त्यातली ४४ वी मूळ संख्या. शंभरपर्यंतच्या २५ तपासून थांबणारा इथपर्यंत पोहोचतच नाही.

## टप्पा ४: अवयव सापडला की हद्द नवी

प्रत्येक वेळी एखादा अवयव बाहेर काढला की तीन गोष्टी याच क्रमाने करा.

आधी त्याच मूळ संख्येने पुन्हा भागून बघा. २, ३, ५ च्या बाबतीत हे सगळे करतात, १७ किंवा १९३ च्या बाबतीत विसरतात.

मग उरलेल्या संख्येचे वर्गमूळ नव्याने काढा. जुनी हद्द धरून बसलात तर काम विनाकारण लांबते. १२,३४,५६,७८९ चे वर्गमूळ ११,१११ च्या पुढे आहे (११,१११² = १२,३४,५४,३२१). ९ बाहेर काढल्यावर १,३७,१७,४२१ उरतात आणि हद्द ३,७०३ वर येते.

शेवटी, खालून पुन्हा सुरुवात करू नका. ज्या मूळ संख्यांनी मोठ्या संख्येला भाग गेला नाही त्यांनी तिच्या भागाकारालाही जाणार नाही.

या तीन गोष्टी एकत्र केल्या की पिनकोडचे काम आपोआप संपते. उरले १,०१९. त्याचे वर्गमूळ ३१ च्या थोडे पुढे (३२² = १,०२४). ३१ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या आधीच बाद झालेल्या आहेत. म्हणून १,०१९ मूळ, एकही नवा भागाकार न करता. ५९०००१ = ३ × १९३ × १,०१९.

## टप्पा ५: हद्द फार मोठी उरली तर

१,३७,१७,४२१ ची हद्द ३,७०३. तिथपर्यंत पाचशेहून जास्त मूळ संख्या आहेत. हाताने तेवढे भागाकार करणे शहाणपणाचे नाही. अशा वेळी आधी दोन वर्गांच्या फरकाची रीत थोडी वापरून बघावी. उरलेली संख्या न असेल, तर वर्गमुळाच्या लगेच वरचा पूर्णांक अ घ्या, अ² − न काढा आणि तो पूर्ण वर्ग येतो का बघा. आला, समजा ब² आला, तर न = (अ−ब)(अ+ब).

वर्गमूळ: ३,७००² = १,३६,९०,०००. फरक २७,४२१. त्याला ७,४०० ने भागा, साधारण ३.७. म्हणून ३,७०४ पासून सुरुवात.

३,७०४² = १,३७,१९,६१६. वजा १,३७,१७,४२१ = २,१९५. शेवटी ९५ आहेत. ५ ने संपणारा वर्ग २५ नेच संपतो. बाद.

३,७०५² = १,३७,२७,०२५. वजा १,३७,१७,४२१ = ९,६०४. शेवटी ०४, दशकाचा अंक सम, चालण्यासारखे. ९८² = ९,६०४. सापडले.

म्हणून १,३७,१७,४२१ = (३,७०५ − ९८)(३,७०५ + ९८) = ३,६०७ × ३,८०३. पाचशे भागाकारांचे काम दोन वजाबाक्यांत झाले.

या रीतीला मर्यादा आहेत आणि त्या माहीत नसल्या तर ती वेळ खाते. न विषम हवा, म्हणून सगळे २ आधीच बाहेर काढलेले असावेत. दोन्ही अवयव वर्गमुळाच्या जवळ असतील तरच ती लवकर फळते. १,९६,६६७ वर हीच रीत लावली असती तर ४४४ पासून ६०६ पर्यंत १६३ वेळा वजाबाकी करावी लागली असती. म्हणून आठ-दहा प्रयत्न करा, नाही जमले तर गुमान भागाकाराकडे परत या.

अजून काम संपलेले नाही. ३,६०७ आणि ३,८०३ मूळ आहेत का ते तपासायचे आहे. दोन अवयव सापडले म्हणजे ते मूळच असतील असे नाही. इथे हद्द दोघांची वेगळी आहे: ३,६०७ साठी ५९ पर्यंत (६१² = ३,७२१, म्हणजे बाहेर), तर ३,८०३ साठी ६१ पर्यंत (६१ आत, ६७² = ४,४८९ बाहेर). दोघांनाही ५९ वरच थांबवणे ही नेहमीची चूक. २, ३, ५, ७, ११, १३ आधीच बाद आहेत, १७ पासून पुढे भागून बघा. एकानेही भाग जात नाही. ३,८०३ ला ६१ ने भागल्यावर बाकी २१.

१२,३४,५६,७८९ = ३² × ३,६०७ × ३,८०३.

## टप्पा ६: गुणून बघा, दोन्ही कसोट्यांनी

पूर्ण गुणाकार करून बघणे सर्वांत चांगले. वेळ नसेल तर नऊची आणि अकराची अशा दोन्ही कसोट्या लावा.

नऊची: ३,६०७ ची अंकबेरीज १६ → ७. ३,८०३ ची १४ → ५. ७×५ = ३५ → ८. इकडे १,३७,१७,४२१ ची २६ → ८. जुळले.

अकराची: ३,६०७ → ७−०+६−३ = १०. ३,८०३ → ३−०+८−३ = ८. १०×८ = ८०, ११ ने भागल्यावर बाकी ३. इकडे १−२+४−७+१−७+३−१ = −८, त्यात ११ मिळवून ३. जुळले.

एकच कसोटी का पुरत नाही? अंक उलटसुलट लिहिले गेले, ३,६०७ चे ३,६७० झाले, तर अंकबेरीज तीच राहते आणि नऊची कसोटी गप्प बसते. शेजारचे दोन वेगळे अंक अदलाबदल झाले तर अकराची कसोटी ते हमखास पकडते. वहीत उतरवताना होणारी चूक बहुतेक वेळा शेजारच्या अंकांचीच असते.

## टप्पा ७: आता सूत्रे

इथून पुढे काम झटपट होते, फक्त घातांक नीट वाचा.

विभाजकांची संख्या. प्रत्येक घातांकात १ मिळवा आणि गुणा. १२,३४,५६,७८९ साठी घातांक २, १, १. म्हणून ३×२×२ = १२. १ मिळवायचा राहिला तर उत्तर २ येते, आणि दोन विभाजक फक्त मूळ संख्येलाच असतात, एवढ्यावरून चूक कळली पाहिजे. बारा विभाजक असे: १, ३, ९, ३,६०७, ३,८०३, १०,८२१, ११,४०९, ३२,४६३, ३४,२२७, १,३७,१७,४२१, ४,११,५२,२६३ आणि स्वतः संख्या. यादी करताना पहिला आणि शेवटचा, दुसरा आणि शेवटून दुसरा अशा जोड्या गुणा. प्रत्येक जोडीचा गुणाकार दिलेल्या संख्येएवढाच आला पाहिजे.

विभाजकांची बेरीज. (१+३+९) × (१+३,६०७) × (१+३,८०३) = १३ × ३,६०८ × ३,८०४ = १७,८४,२२,८१६. यात संख्या स्वतःही मोजली आहे. प्रश्नात ‘स्वतः सोडून’ असेल तर ती वजा करा: ५,४९,६६,०२७. प्रश्नाचा हा शब्द न वाचल्यामुळे गुण जातात.

संख्येपेक्षा लहान आणि तिच्याशी सहमूळ असलेल्या संख्या किती (ऑयलरचे फाय). ३² साठी ९−३ = ६, बाकीच्या दोघांसाठी एक-एक वजा: ६ × ३,६०६ × ३,८०२ = ८,२२,६०,०७२. चूक होते ती ३² साठी ६ ऐवजी २ घेण्यात. घातांक १ असेल तरच ‘एक वजा’ करायचे. एरवी घातातून त्याच्या लगेच खालचा घात वजा होतो.

सम, विषम, वर्ग, घन. याला ३६,२८,८०० = २⁸×३⁴×५²×७ घ्या. एकूण विभाजक ९×५×३×२ = २७०. विषम विभाजक हवे असतील तर २ पूर्ण बाजूला ठेवा: ५×३×२ = ३०. सम विभाजक २७० − ३० = २४०. सम विभाजक थेट काढायचे तर २ चे घातांक १ ते ८ असे आठच, ९ नव्हे: ८×३० = २४०. दोन्हीकडून सारखे आले.

पूर्ण वर्ग करायला लहानात लहान कितीने गुणावे? ८, ४, २ हे घातांक सम आहेत, ७ चा १ विषम. उत्तर ७. पूर्ण घन करायला प्रत्येक घातांक तिनाच्या पुढच्या पटीवर न्या: ८ चा ९, ४ चा ६, २ चा ३, १ चा ३. म्हणून २ × ३² × ५ × ७² = ४,४१०. इथे मुले ७² ऐवजी ७ लिहितात.

विभाजकांपैकी पूर्ण वर्ग किती? प्रत्येक घातांकाच्या सम किमती मोजा, शून्य धरून: २ च्या पाच, ३ च्या तीन, ५ च्या दोन, ७ ची एक. ५×३×२×१ = ३०. शून्य सोडले की उत्तर लगेच बिघडते.

## टप्पा ८: मसावि विचारला असेल तर अवयव पाडू नका

वरचे सगळे शिकल्यावर मसाविसाठीही दोन्ही मोठ्या संख्यांचे अवयव पाडायचा मोह होतो. लहान संख्यांना ते चालते. मोठ्यांना लागोपाठ भागाकाराची रीत घ्या. मोठीला लहानीने भागा, मग लहानीला बाकीने, बाकी शून्य होईपर्यंत. शेवटचा भाजक हा मसावि.

१२,३४,५६,७८९ आणि ९८,७६,५४,३२१:

९८,७६,५४,३२१ = ८ × १२,३४,५६,७८९ + ९
१२,३४,५६,७८९ = १,३७,१७,४२१ × ९ + ०

मसावि ९. दोन ओळी.

लसावि काढताना आधी भागा, मग गुणा: १,३७,१७,४२१ × ९८,७६,५४,३२१. आधी दोन्ही संख्या गुणून मग ९ ने भागायला बसलात तर अठरा अंकी आकडा हाताळावा लागतो.

सावध: ‘मसावि × लसावि = संख्यांचा गुणाकार’ हे दोनच संख्यांना लागू आहे. ४, ६, १० चा मसावि २, लसावि ६०, त्यांचा गुणाकार १२०. पण ४×६×१० = २४०. तीन संख्यांसाठी हे सूत्र वापरलेले दर परीक्षेत दिसते.

## मोबाइल आणि संगणकावर ताळा बघताना

घरी सराव करताना ताळा यंत्रावर बघायला हरकत नाही, पण यंत्र कुठे फसवते ते माहीत हवे. वरच्या लसाविचे उत्तर सतरा अंकी आहे: १३५४८०७०१२३६२६१४१. एक्सेल फक्त पहिले १५ अंक ठेवते आणि शेवटच्या ४१ च्या जागी ०० दाखवते. ते बघून ‘१०० ने भाग जातो’ असा निष्कर्ष काढू नका. लसावि विषम आहे हे दोन्ही संख्या विषम आहेत यावरूनच कळते. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर भागाकार करताना दशांशानंतरचे अंक पडद्यावर न मावल्यामुळे गोल होऊ शकतात. म्हणून पूर्णांक दिसला तरी उलटा गुणाकार करून खात्री करा.

पायथॉनमध्ये पूर्णांक कितीही मोठा असला तरी अचूक राहतो. मात्र भागाकाराला एक तिरकी रेघ ( / ) वापरली की उत्तर दशांशात जाते आणि ९००७१९९२५४७४०९९२ च्या पुढे चुकू शकते. दोन तिरक्या रेघा ( // ) वापरा, आणि बाकीसाठी %.

## सरावाला एक

निपाणीचा पिनकोड ५९१२३७ घ्या. अंकबेरीज २७, म्हणून ९ ने भागा: ६५,६९३. अंकबेरीज २९, ३ संपले. हद्द २५६. इथे वर्गांच्या फरकाची रीत २५७ पासून २७३ पर्यंत सतरा प्रयत्न घेते, भागाकाराने १७९ पर्यंत जावे लागते. जी जमेल ती घ्या. १७९ ची शेपटाकडून कसोटी अशी: ६५,६९३ − १,२५३ = ६४,४४० → ६,४४४, मग ६,४४४ − १,०७४ = ५,३७० → ५३७, आणि ५३७ = ३×१७९. उरतात ३६७. त्याची हद्द १९, ती कधीच ओलांडलेली आहे, म्हणून ३६७ मूळ.

५९१२३७ = ३² × १७९ × ३६७. विभाजक १२, विभाजकांची बेरीज ८,६१,१२०, सहमूळ संख्या ३,९०,८८८. तुमचे उत्तर ६ विभाजक आले असेल तर ६५,६९३ ला मूळ धरले. ८ आले असतील तर ३ चा घातांक १ लिहिला.